नाकारलेली रजा कागदावर येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की इंदूरच्या सांवेर रोड, पालदा आणि शेजारच्या पीथमपूरच्या कारखान्यांत एक सूचना फिरू लागते: ‘उत्पादनाचा ताण पाहता दिवाळीपर्यंत सर्व रजा बंद.’ पूर्वी ती फलकावर लागायची, आता व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येते. ज्या शहरात अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (सजवलेल्या चित्ररथांची) परंपरा गिरणी कामगारांनी उभी केली, तिथे कामगारालाच गौरी-गणपतीला चार दिवस घरी राहता येऊ नये, हे विचित्रच. पण या पत्राचा विषय भावनेचा नाही. अशी सरसकट रजाबंदी कायद्यात कितपत बसते आणि रजा नाकारली गेली तर तिचं पुढे काय होतं, याबद्दल कामगारांत आणि खुद्द एचआरवाल्यांतही बराच गोंधळ आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कोणता कायदा ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या. त्यामुळे पगारी वार्षिक रजेसाठी १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ७९ऐवजी आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिचं कलम ३२ पाहावं लागतं. संक्रमणकाळात जुन्या कायद्यांखालचे नियम चालू राहतील, असं केंद्राने तेव्हा जाहीर केलं होतं. ही संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. त्याहून लहान दुकानाला १९५८चा मध्य प्रदेश दुकान व स्थापना अधिनियम पाहायचा. त्याचा हिशेब वेगळा आहे, त्यामुळे राजवाड्याजवळच्या दुकानातल्या मुलाने पीथमपूरच्या मित्राचे आकडे आपल्याला लावू नयेत.

कलम ३२चं गणित सोपं आहे. कॅलेंडर वर्षात १८० दिवस काम भरलं की रजेचा हक्क लागू होतो. पूर्वी ही अट २४० दिवसांची होती आणि अनेक कार्यालयांच्या छापील धोरणात अजून तोच आकडा दिसतो. कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा, म्हणजे २८० दिवस काम झालं तर १४ दिवस. ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकाने बसवून ठेवल्याचे), प्रसूती रजेचे आणि घेतलेल्या वार्षिक रजेचे दिवस १८०मध्ये धरायचे, पण त्या दिवसांवर नवी रजा साठत नाही. वर्षाच्या मध्येच नोकरी लागली असेल तर उरलेल्या दिवसांपैकी एक चतुर्थांश काम पुरतं. १ जुलैला लागलेल्याचे वर्षात १८४ दिवस उरतात, त्यातले ४६ दिवस काम झालं की तो पात्र ठरतो. जुन्या कायद्यात दोन तृतीयांश, म्हणजे १२३ दिवस लागत. ‘पहिल्या वर्षी रजा नाहीच’ हे वाक्य तेव्हाही पूर्ण खरं नव्हतं, आता तर मुळीच नाही.

‘कामगार’ कोण, इथेही लोक स्वतःला उगाच बाहेर काढतात. हाताने काम करणाराच कामगार असं नाही. तांत्रिक, कारकुनी, कुशल, अकुशल काम करणारे सगळे यात येतात आणि त्यांना पगाराची मर्यादा नाही. १८,००० रुपयांची मर्यादा आहे ती फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना. त्याहून जास्त पगाराचा सुपरवायझर आणि खऱ्या अर्थाने व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा माणूस या व्याख्येबाहेर जातो. इथे पाहायचं प्रत्यक्ष काम, व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा नव्हे. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत दिवसभर कोड लिहिणारा मुलगा ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणवला जातो म्हणून रजेच्या हक्कातून बाद होत नाही.

आता मुद्द्याचं. जुन्या कलम ७९मध्ये रजा मागायची रीत स्पष्ट होती: रजा सुरू होण्याच्या किमान १५ दिवस आधी लेखी अर्ज (सार्वजनिक उपयोगी सेवांत ३० दिवस), वर्षातून जास्तीत जास्त तीनदा. आजारपणासाठी ही मुदत नव्हती. असा अर्ज वेळेत आला तर तो नाकारायचाच नाही, असं कलमात लिहिलं होतं. अपवाद एकच, कारखान्याची रजा-योजना. तीही मालकाने एकट्याने बनवायची नाही. कार्य समिती किंवा कामगार प्रतिनिधींशी सहमत होऊन, मुख्य कारखाना निरीक्षकाकडे दाखल करून, कारखान्यात ठळक जागी लावलेली आणि १२ महिन्यांपुरतीच. ‘रजा बंद’ म्हणणाऱ्या किती कारखान्यांत अशी दाखल केलेली योजना होती, हा प्रश्न फारसा कुणी विचारलाच नाही.

नव्या कलमात ही सगळी शिस्त शब्दशः उतरलेली नाही. माझ्या मते हे कामगाराचं नुकसानच आहे. पण एक वाक्य कायम आहे आणि त्यातच सगळं आलं. न घेतलेली रजा पुढच्या वर्षी नेता येते, ३० दिवसांपर्यंत. मात्र कामगाराने रजा मागितली आणि ती दिली गेली नाही, तर ती नाकारलेली रजा पुढे नेण्याला मर्यादा नाही. म्हणजे कायदा दोन रजा वेगळ्या मानतो: मागितलीच नाही ती आणि मागूनही मिळाली नाही ती. पहिली ३०च्या मर्यादेत अडकते, दुसरी जात नाही. पण हा फरक सिद्ध करायचा कशाने? अर्जाने आणि नकाराने. आपल्याकडे बहुतेक रजा तोंडी मागितल्या जातात आणि तोंडीच नाकारल्या जातात. ‘साहेब, गणपतीत चार दिवस पाहिजेत.’ ‘आत्ता नाही रे, दिवाळीनंतर बघू.’ विषय संपला आणि नोंदीत काहीच राहिलं नाही. ३१ डिसेंबरला संगणक ३०च्या वरचे दिवस पुसतो. मग विचारलं तर उत्तर मिळतं, ‘तुम्ही मागितलीच कुठे होती?’

मोबाइल अ‍ॅपमुळे हे आणखी वाईट झालंय. रजाबंदीच्या तारखा अ‍ॅपमध्ये आधीच करड्या करून ठेवतात, त्यांवर बोट ठेवलं तरी उघडत नाहीत. अर्जच जात नाही म्हटल्यावर नकाराचाही प्रश्न नाही आणि वर्षअखेरच्या अहवालात ‘नामंजूर अर्ज: शून्य’ असं झळकतं. अशा वेळी त्या पडद्याचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्याच दिवशी ई-मेलने अर्ज करावा. ई-मेल कंपनीच्याच खात्यावरून करत असाल तर स्वतःच्या खासगी खात्यावर प्रत ठेवा. नोकरी सुटली की कंपनीचं खातं त्याच संध्याकाळी बंद होतं.

अर्ज मोठा नको, वकिली भाषाही नको. एवढं पुरे: ‘माझ्या खात्यावर आज अमुक दिवस पगारी वार्षिक रजा शिल्लक आहे. त्यांपैकी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, साप्ताहिक सुट्ट्या वगळून, आठ दिवस रजा मंजूर करावी. मंजूर करता येत नसेल तर तसं लेखी कळवावं आणि हे आठ दिवस नाकारलेली रजा म्हणून पुढील वर्षाच्या खात्यावर दाखवावेत.’ खाली तारीख, तिकीट नंबर (कारखान्यातला कामगार क्रमांक), सही. दोन प्रती काढा, एकीवर पोचेचा शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. पावती सांभाळा आणि पोहोचल्याची नोंद संकेतस्थळावरून लगेच छापून घ्या, नंतर ती तिथे सापडेलच असं नाही. पंधरा दिवस आधी अर्ज करण्याची जुनी सवय सोडू नये. नव्या कलमात ती अट नसली तरी ‘ऐन वेळी मागितली’ हा मालकाचा सगळ्यात सोपा बचाव असतो आणि कंपनीच्या स्थायी आदेशांत (नोकरीच्या लेखी नियमांत) वेगळी मुदत असू शकते.

अर्जातले ‘साप्ताहिक सुट्ट्या वगळून’ हे शब्द मुद्दाम घातलेत. शनिवारी रजा, रविवार सुट्टी, सोमवारी रजा, म्हणजे तीन दिवस कापायचे, याला एचआरच्या भाषेत ‘सँडविच’ म्हणतात. वार्षिक पगारी रजेला हा नियम लावता येत नाही. रजेच्या मध्ये, आधी किंवा नंतर येणारी सुट्टी रजेत धरायची नाही, असं जुन्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे. शनिवारपासून पुढच्या आठवड्यातल्या सोमवारपर्यंत दहा दिवस गावी गेलात तर मध्ये दोन रविवार येतात, खात्यातून आठच दिवस जायला हवेत. बारा महिन्यांच्या पगारपत्रकांवरून हा हिशेब एकदा ताडून पाहा. दोन-चार दिवस तरी अशा सँडविचमध्ये गेलेले सापडतील. एक गल्लत मात्र करू नका. रंगपंचमीच्या गेरीसाठी (रंगांच्या मिरवणुकीसाठी) जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, ती खासगी कारखान्याला आपोआप लागू होत नाही. तुमच्या कारखान्याच्या सुट्ट्यांच्या यादीत असेल तरच ती सुट्टी.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. रजा नाकारली, तरीही माणूस रागाने बॅग भरून निघून जातो. हक्काची रजा असली तरी मंजुरीशिवाय गैरहजर राहणं ही वेगळी बाब आहे. केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत रजेशिवाय दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी हे गैरवर्तन धरलं आहे. मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत परत येऊन समाधानकारक कारण दिलं नाही तर जागेवरचा हक्क जाऊ शकतो. तुमच्या कारखान्याचे स्थायी आदेश वेगळे असतील तर ते वाचा, ते लावून ठेवणं मालकाचं काम आहे. ज्या भांडणात कामगाराची बाजू भक्कम असते, ते भांडण अशा वेळी ‘नकार योग्य की अयोग्य’ यावरून ‘हा पळून का गेला’ यावर सरकतं आणि चौकशीची नोटीस घरी येते. आजारपण असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही दाखला त्याच तारखांचा हवा. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) कक्षेत असाल, म्हणजे पगार २१,००० रुपयांपर्यंत, तर नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयातून किंवा दवाखान्यातून प्रमाणपत्र घ्या. अंशदानाची अट पूर्ण असेल तर आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के दराने मिळतो आणि त्यासाठी वार्षिक रजा खर्च करावी लागत नाही.

मालकाची बाजूही सांगायला हवी, ती खोटी नसते. एका लाइनवरच्या बारा जणांपैकी नऊ जणांनी एकाच आठवड्यात रजा मागितली तर लाइन बंद पडते. रजा कधी द्यायची याचं नियोजन करण्याचा हक्क व्यवस्थापनाला आहे, आणि पाळीपाळीने रजा देणं गैर नाही. गैर आहे ते गणपती ते दिवाळी सरसकट बंदी घालून डिसेंबरात शिल्लक रद्द करणं. शिवाय रजेच्या प्रचलित पद्धतीत असा बदल एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशाने करता येत नाही. पगारी रजा आणि सुट्ट्या हा विषय औद्योगिक संबंध संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत येतो. त्यातल्या सेवाशर्ती बदलायच्या तर संबंधित कामगारांना २१ दिवसांची रीतसर नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद अधिनियमातही कलम ९-क खाली हेच होतं. म्हणून तो संदेश डिलीट होण्याआधी जपून ठेवा. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि ग्रुपचं नाव एकाच चित्रात दिसलं पाहिजे.

रजेचे पैसे हा नव्या संहितेतला नवा भाग. वर्षअखेरीस कामगाराने मागणी केली तर शिल्लक रजेचे पैसे मिळतात आणि ३० दिवसांवरच्या रजेचेही घेता येतात. पण ‘मागणी केली तर’ हे शब्द कामगाराच्या बाजूचे आहेत. काही ठिकाणी उलटंच चालू झालंय: ‘पैसे देतो ना, मग सुट्टी कशाला?’ मालक पैसे घ्यायला भाग पाडू शकत नाही. वर्षभर बिनरजेचं काम करून डिसेंबरात आठ-दहा हजार हातात घेणं मला तरी तोट्याचा सौदा वाटतो, पण ती निवड ज्याची त्याने करावी.

पैसे घ्यायचेच तर दर तपासून घ्या. बऱ्याच ठिकाणी नुसत्या ‘बेसिक’वर हिशेब करतात. संहितांत वेतनाची व्याख्या अशी आहे की घरभाडे, वाहनभत्ता यांसारखे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. समजा एकूण ३६,००० रुपये, त्यात बेसिक १४,४०० आणि बाकी सगळं घरभाडे आणि वाहनभत्ता. वेतन धरायचं १८,०००. प्रचलित रीतीने २६ने भागून १४ दिवसांचे बेसिकवर ७,७५४ रुपये होतात, व्याख्येप्रमाणे ९,६९२. एका माणसामागे एका वर्षात १,९३८ रुपयांचा फरक. ‘स्पेशल अलाउन्स’ नावाचा घटक वगळलेल्यांच्या यादीत नाही, तो पूर्ण वेतनातच येतो. नोकरीत असताना घेतलेल्या रजेच्या पैशांवर आयकर लागतो. नोकरी सोडताना किंवा निवृत्तीला मिळालेल्या रकमेवर खासगी कर्मचाऱ्यांना २५ लाखांच्या मर्यादेत, इतर अटींसह, सूट आहे.

ठेकेदाराकडच्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे, कारण पीथमपूरमध्ये फसवणूक जास्त तिथेच होते. अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो किंवा नुसता ‘ब्रेक’ दाखवतात. गेट तेच, मशीन तेच, पण रजेचं खातं शून्यावर येतं. मागचा ठेकेदार म्हणतो नव्याकडे माग, नवा म्हणतो माझ्याकडे तू कालच लागलास. खरं तर जुन्याकडची नोकरी संपली त्या क्षणी साठलेल्या रजेचे पैसे देय होतात, १८० दिवस भरलेले नसले तरीही. कामावरून काढलं असो की स्वतः सोडलं असो, दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत ते द्यायचे असतात. निवृत्ती किंवा मृत्यू झाला असेल तर दोन महिन्यांत, आणि मृत्यूच्या बाबतीत वारसाला किंवा नामनिर्देशिताला. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ ही ओळ सर्रास नेमणूकपत्रात छापतात, तिला कायद्यात आधार नाही. शिल्लक रजा नोटीस कालावधीत वळती करून ‘हिशेब बरोबर’ म्हणण्याची पद्धतही तशीच. जुन्या कायद्यात तर न घेतलेली रजा नोटीसच्या मुदतीत धरायची नाही, असं स्पष्टच होतं. ठेकेदाराने पैसे बुडवले तर मूळ मालकाला जबाबदार धरता येतं, म्हणून गेटपासच्या प्रती फेकू नका. त्यावर दोघांचीही नावं असतात.

तक्रारीची वाट अशी. वीस किंवा अधिक कामगार असतील तर आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायलाच हवी. कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत तिच्याकडे अर्ज करता येतो. समितीने ३० दिवसांत काम संपवायचं असतं. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांच्या आत आपल्या युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येतं. मामला निव्वळ पैशांचा, म्हणजे रजेचं वेतन किंवा शेवटचा हिशेब न मिळाल्याचा असेल, तर वेतन संहितेच्या कलम ४५ खाली दावा करायचा. त्याची मुदत तीन वर्षं. प्राधिकारी देय रकमेबरोबर तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. पण किती दिवस साठले आणि त्यातले किती नाकारले, हे तुमच्याच कागदांतून दिसलं तर काम लवकर होतं. दाव्याला नेमणूकपत्र (ते देणं आता सक्तीचं आहे), बारा महिन्यांची पगारपत्रकं, हजेरीचा उतारा आणि रजेच्या अर्जांच्या प्रती जोडा. हजेरीचा उतारा देत नसतील तर ईपीएफच्या पासबुकातल्या नोंदी आणि बँकेचा उतारा यांवरून कोणत्या महिन्यांत काम होतं एवढं तरी दाखवता येतं.

कुठे जायचं यातही लोकांचा एक फेरा फुकट जातो. इंदूरमध्ये श्रमायुक्तांचं कार्यालय मोती बंगल्यात आहे म्हणून सगळे तिकडेच धावतात. सांवेर रोडचा कारखाना इंदूर जिल्ह्यात, पण पीथमपूर धार जिल्ह्यात. कामगार सुदामा नगरात राहत असला तरी त्याचा अर्ज धारच्या श्रम पदाधिकाऱ्याच्या अखत्यारीत जातो. देवासच्या कारखान्याचा देवासला. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार केली तर कार्यालयातून फोन येतो, थोडी हालचालही होते, पण तो कलम ४५चा दावा नव्हे. हेल्पलाइनची तक्रार ‘बंद’ झाली म्हणून दावा मिटत नाही आणि ती चालू आहे म्हणून तीन वर्षांची मुदत थांबतही नाही. समेटाच्या तारखेला व्यवस्थापन पुष्कळदा जागेवरच तडजोडीचा कागद पुढे करतं. त्यात ‘सर्व देणी मिळाली’ अशी ओळ असेल तर सही करण्याआधी रजेच्या दिवसांचा आकडा आणि रक्कम वेगळी लिहून घ्या.

आपला,
एक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर